रुपया नव्वदीपार आणि महागाई पाव टक्का, हे दोन्ही एकाच वेळी कसं?

कुपवाडकर:
मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज लिहायलाच बसलो कारण डोक्यात पार गुंता झालाय. आमचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, तीन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), दोन जुनी लेथ, सहा माणसं. पंपाचे आणि शेतीच्या अवजारांचे पार्ट करून देतो, गिऱ्हाईक सगळं इथलंच, सांगली कोल्हापूर फार तर पुणे, एक्स्पोर्ट शून्य. त्यामुळे डॉलरशी आपला काय संबंध असंच आजवर समजत होतो. तर गेल्या आठवड्यात कार्बाइड इन्सर्टची डबी मागवली. डबीत दहा नग असतात, नखाएवढी सोनेरी चकती, लोखंड कापायचं काम तीच करते, बोथट झाली की फिरवायची आणि सगळ्या कडा संपल्या की भंगारात. सप्लायरने नवा दर पाठवला, वर्षात दुसऱ्यांदा वाढ, आणि खाली एकच ओळ, "करन्सीमुळे". बेअरिंगवाला तेच म्हणतो, कटिंग ऑइलवाला तेच. आणि मी माझ्या गिऱ्हाइकाकडे दोन रुपये वाढवून मागितले तर तो मला फोनवर बातमी वाचून दाखवतो की ऑक्टोबर २०२५ ला महागाई पाव टक्क्यावर आली, तेव्हाची आकड्यांची मालिका सुरू झाल्यापासून सगळ्यात कमी, मग तुम्ही कसली वाढ मागताय.

त्यात आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी ते नेहमीचं फॉरवर्ड टाकलं, १९४७ ला एक रुपया म्हणजे एक डॉलर होता आणि आज बघा नव्वद. काका ७८ वर्षांचे आहेत, मनापासून वाईट वाटून टाकतात, त्यांना उगीच काहीतरी उत्तर द्यायचं नाहीये मला.

तर मला खरंच समजून घ्यायचंय. एक रुपया एक डॉलर होता का? रुपया पडला म्हणजे देश गरीब झाला का? आणि रुपया एवढा खाली असताना महागाई पाव टक्का असेल तर माझी डबी कुठल्या देशात महाग झाली?

खातेवही:
कुपवाडकर, मी ३६ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी परकीय चलन विभागात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर काकांना कागद-पेन्सिल घेऊन करून दाखवता येईल.

१९४७ ला रुपया डॉलरला बांधलेला नव्हताच, तो पौंडाला बांधलेला होता. एक रुपया म्हणजे १८ पेन्स, म्हणजे दीड शिलिंग. पौंडात तेव्हा २४० पेन्स असायचे, २४० ला १८ ने भागा, १३.३३ रुपये येतात. हा झाला पौंडाचा भाव. आता एका पौंडाला तेव्हा ४.०३ डॉलर मिळायचे. १३.३३ ला ४.०३ ने भागलं की डॉलरचा भाव निघतो, ३ रुपये ३१ पैसे. पैसे तेव्हा नव्हते, आणे होते, म्हणून ३ रुपये ५ आणे म्हणा. एक रुपया कधीच नव्हता.

पुढे सप्टेंबर १९४९ ला ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, ४.०३ चा २.८० डॉलर झाला. आपण पौंडाबरोबर खाली गेलो. परत तोच भागाकार, १३.३३ भागिले २.८०, उत्तर ४.७६. हा ४.७६ चा भाव पुढे जवळजवळ सतरा वर्षं हलला नाही. मग ६ जून १९६६, इंदिरा गांधी पंतप्रधान आणि सचिंद्र चौधरी अर्थमंत्री, एका रात्रीत ४.७६ चा ७.५०.

त्या सतरा वर्षांत भाव हलला नाही याचा अर्थ रुपया मजबूत होता असा नाही हो. इथले भाव वाढत होते, १९६२ आणि १९६५ अशी दोन युद्धं झाली, ६५ ला पाऊस गेला, अमेरिकेहून पीएल-४८० या मदत योजनेच्या गव्हाची जहाजं आली तर रेशनवर गहू, आणि कागदावर डॉलर मात्र ४.७६ च. त्या भावाने डॉलर मिळायचा कोणाला तर ज्याच्याकडे लायसन्स त्याला. बाकीच्यांना काळा बाजार. भाव खिळ्याला टांगून ठेवला होता एवढंच. १९६६ ला तो खिळा निघाला आणि लोकांना वाटलं की रुपया त्या दिवशी पडला.

रायगडचा_वारा:
खातेवही काका, आकडे मान्य पण मुद्दा तोच राहतो ना. ३.३१ वरून नव्वद, ही घसरणच आहे. ज्या देशाचं चलन मजबूत तो देश मजबूत. पौंड बघा, कुवेती दिनार बघा. आपल्या पैशाची किंमत जगात कमी होत जाते याचं वाईट नाही वाटायचं तर कशाचं वाटायचं? मला हे "रुपया पडला तर एक्स्पोर्टला बरं" ऐकलं की संताप येतो.

निशीकसाई:
रायगडचा_वारा, तुमचा संताप समजतो पण मी जिथे राहते तिथलं सांगते. तोक्योत अकरा वर्षं झाली. आज एका येनला साठ पैसेसुद्धा येत नाहीत. म्हणजे तुमच्या हिशोबाने रुपया येनपेक्षा मजबूत. पण इथली लोकल, इथली हॉस्पिटलं, इथलं पाणी बघितलं की कोणता देश श्रीमंत हे विचारावं लागत नाही. एका नोटेवर किती शून्यं ठेवायची हा ज्या त्या देशाचा जुना निर्णय असतो, त्यावरून काही कळत नाही. बदल किती झाला आणि का झाला ते बघावं लागतं.

आणि चलन मजबूत होण्याचंही ओझं असतं हे जपानइतकं कोणी भोगलं नसेल. सप्टेंबर १९८५ ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी ठरवलं की डॉलर खाली आणायचा. तेव्हा डॉलरला २४० च्या आसपास येन पडायचे, दीडेक वर्षात दीडशेवर आले. निर्यातीवर उभे असलेले इथले कारखाने हबकले, मग त्यांना आधार म्हणून व्याजदर खाली आणले, स्वस्त पैसा जमिनीत आणि शेअरमध्ये घुसला, २९ डिसेंबर १९८९ ला निक्केई, म्हणजे इथला शेअर निर्देशांक, ३८,९१५ वर गेला आणि तिथून जो फुटला तो परत त्या पातळीवर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. चौतीस वर्षं!

त्यानंतर इथे जे झालं ते आपल्या लोकांना सांगून पटत नाही. भाव वाढायचेच थांबले. ऐकायला छान वाटतं ना? इथे गारिगारि-कुन म्हणून निळी आइसकांडी मिळते, तिचा भाव २५ वर्षं ६० येन होता. २०१६ ला ७० केला तेव्हा कंपनीचे साहेब लोक टीव्हीवरच्या जाहिरातीत ओळीने उभे राहून वाकले, माफी म्हणून. मी तेव्हा नवीन होते, मला फार कौतुक वाटलं, केवढी प्रामाणिक माणसं. ऑफिसातल्या पन्नाशीतल्या एका सहकाऱ्याने शांतपणे सांगितलं, कांडीचा भाव वाढला नाही तसा माझा पगारही वाढला नाही. उद्या वस्तू याच भावात मिळणार असेल तर माणूस आज घेत नाही, घेत नाही म्हणून दुकानदार मागवत नाही, कारखाना नवीन मशीन घेत नाही, नवीन पोरांना पक्की नोकरी मिळत नाही. त्या काळात कॉलेजातून बाहेर पडलेली एक पूर्ण पिढी इथे तात्पुरत्या नोकऱ्यांत म्हातारी होतेय.

आता उलटं झालंय. येन दीडशेच्या पलीकडे घसरलाय, २०१२ ला डॉलरला ८० येन होते. मोटार कंपन्यांचे नफे वाढले पण आमच्या सुपरमार्केटात पाच किलो तांदूळ २०२५ च्या वसंतात ४,००० येनच्या वर गेला, आदल्या वर्षीच्या दुप्पट, सरकारला राखीव साठ्यातला तांदूळ काढावा लागला. (तांदळाला कारण पिकाचंही होतं, सगळं येनवर ढकलत नाही.) आणि मी घरी आईबाबांना पाठवते ते १,००,००० येन २०२० ला ७०,००० रुपये व्हायचे, २०२४ च्या उन्हाळ्यात ५२,००० झाले. माझा पगार एका येननेही कमी झाला नव्हता.

कांदाचाळ:
कुपवाडकर दादा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे. ती पाव टक्का महागाई कुठून आली विचारता ना, ती आमच्या ट्रॉलीतून आली.

मी निफाड तालुक्यातला. उन्हाळ कांदा एप्रिलात काढला, चाळीत म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधी भरला, आशा ही की दिवाळीच्या पुढं-मागं भाव निघेल. सहा महिने चाळ सांभाळायची म्हणजे काय ते सांगतो. दर आठ-पंधरा दिवसाला वास घ्यायचा, सडका कांदा हाताने वेचून काढायचा, एक सडला तर शेजारचे पाच घेऊन जातो. वजनात घट येते ती वेगळीच. ऑक्टोबरात ट्रॉली लासलगावला नेली, लिलावात व्यापारी हात घालून खालचा माल वर काढून बघतो, अर्ध्या मिनिटात बोली संपते. क्विंटलला हजाराच्या आसपास पट्टी हातात आली. लागवड, खत, मजुरी, चाळ, भाडं धरलं तर तेवढा खर्चच झालेला आहे.

महागाई मोजायला घरच्या वस्तूंची एक टोपली धरतात, त्या ऑक्टोबरच्या आकड्याच्या टोपलीत खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता. ऑक्टोबरात भाज्या आदल्या वर्षीपेक्षा २७ टक्क्यांहून जास्त खाली होत्या, डाळी खाली, त्यात २२ सप्टेंबरला जीएसटी कमी झाला. म्हणून आकडा पाव टक्का. तुमच्या कार्बाइडची चकती त्या टोपलीत नाहीच. टोपली घरच्या खरेदीची आहे, वर्कशॉपची नाही. तुमच्या गिऱ्हाइकाला हे सांगा.

आणि अजून एक मनातलं. भाव वाढला की आमच्यावर निर्यातबंदी येते. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, ८ डिसेंबर २०२३ ला पूर्ण बंदी, ती उठली मे २०२४ ला, आणि शुल्क पूर्ण गेलं ते एप्रिल २०२५ ला. तोवर बाहेरच्या गिऱ्हाइकाने दुसरीकडून माल घ्यायची सवय लावून घेतली. आता रुपया स्वस्त झाला, आमचा कांदा बाहेर स्वस्त पडायला पाहिजे, एक्स्पोर्ट वाढायला पाहिजे, सगळं बरोबर आहे, पण गिऱ्हाईक टिकवलंच नाही तर स्वस्त रुपयाचा उपयोग काय? महागाई कमी झाली ही बातमी वाचताना शहरातल्या माणसाने एवढं तरी विचारावं की कोणाच्या घरातलं उत्पन्न कमी होऊन ती कमी झाली.

माजघर:
कांदाचाळ दादा, वाचून गलबललं. मी डोंबिवलीत राहते, घरचा हिशोब वहीत लिहायची सवय आहे, लग्नापासूनच्या वह्या आहेत. खरं सांगते, ऑक्टोबरात कांदे-टोमॅटो स्वस्त मिळाले तेव्हा मला आनंदच झाला होता.

पण माझ्या वहीत महागाई पाव टक्का नाही. भाजीचं पान खाली आलंय, बाकी पानं वर गेलीत. तेल बघा, आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. २०२२ ला युद्ध सुरू झालं आणि एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली तेव्हा माझ्या वहीत तेलाच्या ओळीखाली मी दोनदा रेघ मारलीय. सोनं तर विचारूच नका. मुलीची फी, सासऱ्यांची औषधं, लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स यातलं एकही गेल्या वर्षीपेक्षा कमी नाही. महागाई कमी झाली म्हणजे भाव खाली आले असं नसतं ना, वाढायचा वेग कमी झाला एवढंच. २०२२ ला चढलेले भाव तिथेच बसलेत.

आणि माझ्या आईचं वेगळंच. ती बाबांच्या मागे एफडीच्या व्याजावर जगते. महागाई खाली आली म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ मधे रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५० वरून ५.२५ वर आणला. ज्यांचं गृहकर्ज आहे ते खूश, आमचाही हप्ता थोडा हलका झाला. पण आईची एफडी रिन्यू करायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने नवा दर सांगितला आणि आईने माझ्याकडे बघितलं. तिला रेपो वगैरे काही माहीत नाही, तिने फक्त विचारलं, "दर महिन्याला किती कमी येतील?"

कोलंबोपंचेचाळीस:
मी २०१९ ते २०२२ कोलंबोत होतो, कंपनीच्या प्रोजेक्टवर. रुपयाचा भाव, महागाई आणि मंदी हे तिन्ही एकाच घरात एकाच वर्षी घुसलेले मी बघितलेत म्हणून लिहितोय, थोडं लांब होईल.

श्रीलंकेचा रुपया २०२१ भर २०० च्या आसपास होता. रोज सकाळी बँकेच्या बोर्डावर तोच आकडा. बघणाऱ्याला वाटेल काय स्थिर चलन आहे. पण आत काय चाललं होतं? २०१९ च्या ईस्टरला बॉम्बस्फोट झाले तेव्हाच पर्यटक कमी झाले, मग कोविड आला आणि उरलेले संपले. २०१९ च्या शेवटी नव्या सरकारने कर एकदम कमी केले, व्हॅट १५ वरून ८ टक्के, तिजोरीत येणारा पैसा आटला. एप्रिल २०२१ ला रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आणली, डॉलर वाचवायलाही, पण सांगितलं सेंद्रिय शेतीसाठी, भाताचं पीक पडलं आणि मग तांदूळच आयात करायची वेळ आली, नोव्हेंबरमधे बंदी मागे घेतली. आणि या सगळ्यात तो २०० चा भाव टिकवायला मध्यवर्ती बँक आपल्याकडचे डॉलर घालत राहिली. बाहेर हवालावाला जास्त भाव देत होता म्हणून आखातात काम करणाऱ्या लोकांनी बँकेतून पैसे पाठवणं बंद केलं. म्हणजे भाव धरून ठेवायला डॉलर जात होते आणि भाव धरून ठेवल्यामुळे नवीन येत नव्हते.

मार्च २०२२ ला हात सोडला. काही आठवड्यांत डॉलर २०० वरून ३०० च्या पुढे. १२ एप्रिलला सरकारने जाहीर केलं की ५१ अब्ज डॉलरचं परदेशी कर्ज आत्ता फेडता येणार नाही.

हे पेपरातलं झालं. आमच्या गल्लीत काय झालं ते सांगतो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने दुधाचा चहा बंद केला, तिथे सगळा दुधाचा चहा पावडरीचा असतो आणि पावडर बाहेरून यायची. वीज रोज जायची, एका टप्प्यावर दिवसाला १३ तासांपर्यंत. छपाईला कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. गॅस सिलिंडरची रांग म्हणजे माणसं नसायचीच, रिकामी सिलिंडर साखळीने एकमेकांना बांधून ओळीत उभी असायची, रात्रभर. आमच्या ऑफिसात साफसफाई करणाऱ्या मावशी होत्या, पगार तोच राहिला, पण सप्टेंबर २०२२ ला महागाई ७० टक्क्यांच्या घरात गेली, खाण्याची तर नव्वदच्या वर. म्हणजे त्यांच्या पगाराचे शंभरातले चाळीस रुपये कोणी खिशातून काढून घेतले म्हणा, चोरी न करता. एप्रिलमधे व्याजदर एकदम सात टक्क्यांनी वाढवले, महागाई आवरायला ते करणं भाग होतं, पण त्याने छोट्या धंद्यांची कर्जं मोडली, बांधकामं थांबली. त्या वर्षी अर्थव्यवस्था सात टक्क्यांहून जास्त आकसली. मावशींचा नवरा बांधकामावर होता.

रायगडचा_वारा, तुम्हाला एवढंच सांगायचंय, चलन पडल्याने तो देश बुडाला नाही. देणं डॉलरमधे होतं आणि येणं डॉलरमधे नव्हतं, आणि पडायच्या वेळी पडू दिलं नाही, म्हणून जेव्हा पडलं तेव्हा घर घेऊन पडलं.

खातेवही:
कोलंबोपंचेचाळीस, तुमचं वाचताना मला १९९१ चे दिवस आठवले, आपण त्या दारापर्यंत जाऊन परत आलोय. ऑगस्ट १९९० ला इराक कुवेतमधे घुसला, तेल भडकलं, आखातातली आपली माणसं परत आली आणि त्यांच्याकडून येणारे डॉलरही थांबले. जून ९१ पर्यंत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. आमच्या विभागात तेव्हा एलसी (आयातीच्या पैशांची बँकेची हमी) उघडायला आलेल्या माणसाला नाही म्हणायचं हेच मुख्य काम झालं होतं. मशीन बंदरावर येऊन पडलंय, पैसे रुपयात भरायला माणूस तयार आहे, आणि आम्ही म्हणतोय डॉलर नाहीत. त्यातला एक गृहस्थ टेबलासमोर नुसता बसून राहिला होता बराच वेळ.

मेमधे २० टन सोनं स्वित्झर्लंडला गेलं, जुलैमधे जवळपास ४७ टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण, त्यावर साधारण ४० कोटी डॉलर मिळाले. फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेतून गाड्या भरून सहार विमानतळावर गेल्या. आपल्या घरात मंगळसूत्र गहाण टाकणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ती बातमी फुटल्यावर लोकांना जी लाज वाटली ती अर्थशास्त्र समजण्या-न समजण्याची नव्हती. मग १ जुलै आणि ३ जुलै अशा दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन, डॉलर २१ वरून २६ च्या आसपास. २४ जुलैला मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प. पंतप्रधान नरसिंह राव, जे त्याआधी आपल्या रामटेकमधून खासदार होते. महागाई त्या ऑगस्टमधे १६-१७ टक्क्यांवर गेली होती.

त्याच रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००९ ला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोनं विकत घेतलं. मी त्या दिवशी घरी पेढे आणले होते, बायकोने विचारलं कसले, म्हटलं सोनं परत आलं.

इचलमाग:
सगळे रुपया आणि महागाईवर बोलतायत, मंदीवर मी लिहितो कारण ती आमच्याकडं राहायलाच आलीय. इचलकरंजीत माझे बारा साधे माग, खर्चीवाला आहे मी, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग माझे, मजुरी मीटरवर. मंदी आकड्यांत दिसायच्या आधी गल्लीत ऐकू येते. रात्री अकराला मागांचा खडखडाट चालू असेल तर पेठेत मागणी आहे. दोन पाळ्यांची एक पाळी झाली की रात्र शांत होते आणि ती शांतता ऐकून झोप लागत नाही. एक पाळी गेली म्हणजे कामगाराचा अर्धा पगार गेला, त्याने किराणा उधारीवर घेतला, किराणावाल्याने ठोक व्यापाऱ्याला थांबवलं, असं ते गोल फिरत जातं. एप्रिल ते जून २०२० ला देशाचं उत्पन्न सुमारे २४ टक्के पडलं तेव्हा तर अख्खं शहर मुकं होतं.

रुपया स्वस्त झाला की कापडाची निर्यात वाढते म्हणतात. ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, लावला. रुपया वर्षभरात पाच-सहा टक्के उतरला. पन्नासाच्या भिंतीपुढं पाच टक्क्यांची शिडी कुठं पुरणार होती.

मंदीत कोणीतरी खर्च करावा लागतो हे माझे आजोबा सांगायचे. ७२ च्या दुष्काळात ते आटपाडीकडं होते, खडी फोडायला जायचे, सुकडी आणि लाल मिलो (बाहेरून आलेली ज्वारी) खाऊन माणसं जगली. पाझर तलाव, रस्ते त्यातून झाले. वि. स. पागेंनी ती रोजगार हमी पुढं कायद्यात आणली. शेतात काम नसताना हातात मजुरी आली म्हणून बाजार थोडातरी चालू राहिला, असं आजोबा म्हणायचे.

खातेवही:
इचलमाग, बरोबर, आणि त्याच्याच पाठोपाठ १९७३ ला तेलाचे भाव चौपट झाले. सप्टेंबर १९७४ ला घाऊक महागाई ३० टक्क्यांच्या वर होती. पीक नाही आणि महागाई, दोन्ही एकदम. सरकारने तेव्हा आमच्या पगारातली वाढ आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत ठेवायला लावला होता, लोकांच्या हातात पैसा कमी जावा म्हणून. मी नवीन लागलो होतो, फार राग आला होता. महागाई पुढच्या दोन वर्षांत शून्याच्याही खाली गेली. राग अजून गेलेला नाही पण का केलं ते आता कळतं.

रायगडचा_वारा:
सगळं वाचलं. कोलंबोचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. माझं म्हणणं थोडं बदलतो. पण मग प्रश्न राहतो, पडू द्यायचा असेल तर रिझर्व्ह बँक डॉलर विकते कशाला? आणि कितीपर्यंत पडू द्यायचा?

खातेवही:
चांगला प्रश्न. उताराला लागलेल्या गाडीला ब्रेक लावणं वेगळं आणि गाडी उतारावर हाताने धरून ठेवणं वेगळं. ऑगस्ट २०१३ आठवा, अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, नुसतं म्हटलं की आम्ही पैसा ओतणं कमी करू, आणि मेमधला ५५ चा डॉलर २८ ऑगस्टला ६८ च्या वर. तीन महिन्यांत एवढा हलला तर ज्याने डॉलरमधे कर्ज घेतलंय किंवा आधीच्या भावाने कोटेशन दिलंय तो सावरायच्या आत जातो. तो झटका बसू नये म्हणून बँक विकते. पण एक लक्षात घ्या, डॉलर विकले की बदल्यात बाजारातले रुपये बँकेकडे परत जातात, इथे पैशाची चणचण होते, व्याज वर जायला बघतं. मंदीत ते नको असतं. म्हणजे भाव धरायचा, व्याज आपल्या मनासारखं ठेवायचं आणि परदेशी पैशाला दारही उघडं ठेवायचं, तिन्ही एकदम जमत नाही. कोणतं सोडायचं ते प्रत्येक देश ठरवतो. तुर्कस्तानने महागाई चढत असताना २०२१ ला व्याज १९ वरून १४ वर आणलं, ऑक्टोबर २०२२ ला महागाई ८५ टक्के. मग मार्च २०२४ पर्यंत व्याज ५० वर न्यावं लागलं. आज आपल्याकडे ६५० अब्ज डॉलरहून जास्त साठा आहे, म्हणून नव्वदी ओलांडली तरी कोणी एलसीसाठी टेबलासमोर बसून राहिलेलं नाही. तेल ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून घेतो तोवर डॉलरची गरज सुटत नाही. २०२५ ला तेल स्वस्त होतं हे आपलं नशीब, ते शंभराच्या वर असतं तर नव्वदीतल्या रुपयाने माजघर ताईंच्या वहीची सगळी पानं वर गेली असती.

कुपवाडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, मी प्रिंट काढून ठेवलंय. काल दोन कामं केली. गिऱ्हाइकाला कांदाचाळ दादांचा टोपलीचा मुद्दा सांगितला, त्याने नोव्हेंबरच्या बिलापासून दीड रुपया वाढवून दिला, मागितले होते दोन. आणि आता कोटेशनवर "दर १५ दिवसांपुरता" असं लिहायला लागलो, आधी तीन महिने लिहायचो.

आणि काकांना भागाकार करून पाठवला, २४० भागिले १८. त्यांनी फोन केला, स्वतः करून बघितला म्हणाले, ३.३१ च येतं. मग म्हणाले, त्यांचे बाबा दुधाच्या रतिबाचा हिशोब असाच आण्यांत करायचे. बराच वेळ बोलले. शेवटी विचारलं की १९४९ ला पौंडाबरोबर आपण खाली आलो, मग पाकिस्तानने काय केलं? मला माहीत नव्हतं. खातेवही काका?

खातेवही:
पाकिस्तानने अवमूल्यन केलं नाही. त्यामुळे सीमेपलीकडचा रुपया एका रात्रीत आपल्यापेक्षा महाग झाला. कलकत्त्याच्या गिरण्या इकडे आणि ताग पूर्व बंगालात, नव्या भावाने ताग घ्यायला आपण नकार दिला आणि दोन्ही देशांचा व्यापार कित्येक महिने जवळजवळ ठप्प झाला. गिरण्यांना ताग नाही, तिकडे शेतकऱ्याच्या तागाला गिऱ्हाईक नाही. काकांना माझा नमस्कार सांगा.